आईचं 'तोंड आलं' होतं, ती बुरशी निघाली: स्टिरॉइडचा पंप, गोळ्या आणि तोंडाची काळजी

खारफुटी | ९ जुलै, रात्री १०:१२

आई चिपळूणला असते, वय ७४. अकरा वर्षं दम्यासाठी सकाळ-संध्याकाळ बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा, म्हणजे स्टिरॉइड असलेला पंप घेते. पाडव्यापासून तिचं जेवण कमी होत गेलं. आमटी झोंबते, सोलकढी नको, लोणच्याचं तर नावच काढू नका. फोनवर म्हणायची, "काही नाही गं, तोंड आलंय." आम्ही तिघा भावंडांनी फोनवरच निदान केलं, उष्णता! मग बी-कॉम्प्लेक्स, गुलकंद, धण्या-जिऱ्याचं पाणी, रात्री तूप. दोन महिने हेच.

मेच्या अखेरीस तिनं कुणाला न सांगता पंप बंद केला. पंप घेतला की तोंड जास्त जळतं, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिचं निरीक्षण बरोबर होतं, म्हणूनच मला जास्त लागतंय. पाऊस सुरू झाला, घरात ओल आली, आणि जूनच्या मध्यात एका रात्री तिला बोलतासुद्धा येईना इतकी धाप लागली. शेजारच्यांनी रिक्षात घालून नेलं. चार दिवस ऑक्सिजन, नेब्युलायझर आणि शिरेतून स्टिरॉइड.

तिथल्या एका तरुण डॉक्टरबाईंनी टॉर्च घेऊन तोंड पाहिलं आणि आधी कवळी काढायला लावली. टाळू कवळीच्या आकारात लालभडक झाला होता. गालांच्या आत आणि पडजिभेच्या आजूबाजूला दह्याच्या कवड्या चिकटाव्यात तसे पांढरे पुंजके. कापसानं पुसले तर निघून आले, खाली सोललेलं लाल. त्या म्हणाल्या, "आजी, ही बुरशी आहे. पंप घेतल्यावर चूळ भरता ना?"

आईनं विचारलं, "भरायची असते?"

अकरा वर्षं! कुणी सांगितलं नसेल, किंवा पहिल्याच दिवशी घाईत सांगितलं असेल आणि तिच्यापर्यंत पोचलं नसेल. मी तरी कुठे विचारलं? तोंडाला लावायचं औषध दिलंय, पंप पुन्हा सुरू झालाय. पण ती पंपाकडे अजून शत्रूसारखी बघते. तुमच्या घरी कुणी अशा पंपावर किंवा गोळ्यांवर असेल तर कसं सांभाळता, ते लिहा. आणि हे नेमकं होतं कशानं, तेही कुणी समजावून सांगा.

---

नीरजा_ठाणे | ९ जुलै, रात्री १०:५०

ताई, आईंना आधी नमस्कार सांगा. मी वीस वर्षं दमेकरी आहे आणि दोनदा ह्यातून गेलेय. पहिल्या वेळी आवाज इतका बसला की शाळेत तास घेता येईना. मला वाटलं, बोलून बोलून घसा गेला.

माझा उपाय साधा आहे. पंप कपाटात ठेवायचाच नाही, बेसिनपाशी दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवायचा. आधी पंप, मग ब्रश. चूळ भरायची आठवण ठेवावी लागत नाही, दात घासताना ती भरली जातेच. रात्रीही तसंच. मात्र नुसतं तोंड खळखळून भागत नाही, मान मागे करून घशापर्यंत गुळणी करायची आणि ते पाणी थुंकायचं. गिळायचं नाही. प्रवासात पाणी नसेल तर निदान काहीतरी खायचं-प्यायचं, म्हणजे घशात बसलेलं औषध तिथंच राहत नाही.

---

दंतवैद्य_सातारा | १० जुलै, सकाळी ७:३५

खारफुटी, सगळं इतकं नीट लिहिलंत म्हणून मीही सविस्तर लिहिते.

ही बुरशी बाहेरून आलेली नाही. कॅन्डिडा नावाचं हे यीस्ट कित्येक धडधाकट माणसांच्या तोंडात गुपचूप राहत असतं. लाळ, तोंडातले इतर जंतू आणि आपली प्रतिकारशक्ती त्याला मुठीत ठेवतात. पंप ओढला की औषधाचा बराच मोठा हिस्सा फुप्फुसात न जाता जिभेवर, टाळूवर, घशावर आदळतो. स्टिरॉइडचं कामच सूज आणि प्रतिकार दाबणं. फुप्फुसात तेच हवं असतं, पण घशात तोच परिणाम पहारेकऱ्यांना झोपवतो. डोस जितका मोठा, तितका धोका जास्त. गोळ्यांचं वेगळं. प्रेडनिसोलोन पोटातून सगळ्या शरीरात जातं, त्यामुळे नुसत्या चुळीनं त्याचा परिणाम धुतला जात नाही. शिवाय त्यानं साखर वाढते, आणि वाढलेली साखर बुरशीच्या पथ्यावरच पडते. तोंड कोरडं पाडणारी औषधं, नुकताच झालेला अँटिबायोटिकचा कोर्स आणि चोवीस तास घातलेली कवळी, ह्यांनी भर पडते.

कवळीबद्दल मला पोटतिडकीनं लिहायचंय, कारण रोज बघते. बुरशी कवळीच्या अ‍ॅक्रिलिकला घट्ट चिकटून थर धरते. वरच्या कवळीखाली लाळ पोचत नाही, त्यामुळे तो कोपरा तिच्यासाठी आयता मठ होतो. तोंडाला औषध लावलं आणि कवळी तशीच ठेवली, तर चार आठवड्यांत पुन्हा तेच. म्हणून रात्री कवळी काढायची म्हणजे काढायचीच. साबण आणि मऊ ब्रशनं आतून-बाहेरून घासायची. उपचार चालू असताना क्लोरहेक्सिडिनच्या (जंतुनाशकाच्या) द्रावणात बुडवून ठेवायची. उकळतं पाणी नको, कवळी वाकडी होते. ब्लीच वापरायचं तर दंतवैद्याला विचारून, कारण धातूची तार असलेल्या कवळीला ते चालत नाही. आणि कवळी जुनी, ढिली झाली असेल तर बदला. आजीलोक म्हणतात, "कवळी काढली की चेहरा बसतो, घरात पाहुणे असतात." मला ते पूर्ण समजतं. पण रात्री दार लावल्यावर तरी तोंडाला मोकळीक द्या.

अजून एक. बुरशी नेहमी पांढरीच असते असं नाही. कधी पांढरं काहीच दिसत नाही, जीभ नुसती लाल, गुळगुळीत आणि जळजळणारी असते. कधी फक्त ओठांचे कोपरे चिरतात.

---

अण्णा_वाई | १० जुलै, सकाळी ९:०५

आमच्या लहानपणी तोंडात पांढरं आलं की बोरॅक्स-ग्लिसरीन लावत. चार दिवसांत बरं होई. मूळ कारण काढायचं सोडून बुरशीमागे का धावायचं? स्टिरॉइड हे मूळ. ते बंद करावं आणि चांगल्या वैद्यांना दाखवावं. मातोश्रींनी पंप थांबवला त्यात मला चूक दिसत नाही.

---

दंतवैद्य_सातारा | १० जुलै, दुपारी १:४०

अण्णा, तुमच्याशी आदर ठेवून पण स्पष्ट असहमत आहे. पंप थांबवल्यावर काय झालं ते खारफुटींनी वर लिहिलंच आहे. तोंडातली बुरशी त्रास देते, पण बहुतेकांची दोन आठवड्यांच्या उपचारानं आटोक्यात येते. दम्याचा झटका एका रात्रीत जीव घेऊ शकतो. दोन्ही एका तराजूत घालू नका.

बोरॅक्सचं म्हणाल तर ते पोटात गेलं की विषारी, म्हणून तान्ह्या मुलांच्या तोंडात ते घालणं डॉक्टरांनी केव्हाच सोडलं. वैद्यांना जरूर दाखवा, पण चालू स्टिरॉइड तोडून नाही.

---

मोरपंखी_कोल्हापूर | १० जुलै, दुपारी ३:२२

मी फार्मासिस्ट, बारा वर्षं काउंटरवर. "तोंड आलंय, काहीतरी द्या" हे दिवसातून पाच वेळा ऐकते. ह्या वाक्यावर जे दिलं जातं त्यातलं काही बुरशी असणाऱ्याला उलटं पडतं. तोंडात लावायची एक पेस्ट ट्रायअ‍ॅमसिनोलोनची असते. ते स्टिरॉइडच आहे. काही फोडांना ते गुणकारी, पण बुरशीवर लावलं तर बुरशी फोफावते. ओठांच्या चिरलेल्या कोपऱ्यांना घरात पडलेली 'खाजेची क्रीम' लावतात. तिच्यातही अनेकदा स्टिरॉइड मिसळलेलं असतं, दोन दिवस बरं वाटतं, मग वाढतं. म्हणून काउंटरवर आल्यावर पहिलं वाक्य हे बोला: "मी स्टिरॉइडचा पंप घेते" किंवा "प्रेडनिसोलोन चालू आहे." एवढ्यानं समोरचा माणूस सावध होतो.

बुरशीवरचं साधं औषध म्हणजे क्लोट्रिमॅझोलचा माउथ पेंट, किंवा निस्टॅटिनचे थेंब, किंवा मायकोनॅझोलचं जेल. जेवणानंतर लावायचं, कवळी काढून, आणि अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. निस्टॅटिन तोंडात घोळवत जितकं जास्त वेळ ठेवाल तितकं बरं. क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश आणि निस्टॅटिन लागोपाठ घेऊ नका, एक दुसऱ्याला निकामी करतं. मध्ये चांगलं अंतर ठेवा. आणि पांढरं गेलं की औषध लगेच सोडू नका, डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा. चौथ्या दिवशी बाटली फ्रीजच्या दारात जाते आणि महिन्यानं पेशंट परत येतो.

---

लेस्टरची_वैशाली | १० जुलै, रात्री ११:१५

इकडे यूकेत मायकोनॅझोल जेल विकताना फार्मसीत पहिला प्रश्न येतो, वॉरफरिन (रक्त पातळ करणारं औषध) घेता का? माझ्या सासऱ्यांच्या हृदयात झडप बसवलीय आणि ते वॉरफरिनवर आहेत. त्यांनी दुकानात तसं सांगितलं म्हणून जेल मिळालं नाही, डॉक्टरांकडे पाठवलं. जेल तोंडात लावायचं असलं तरी थोडं पोटात जातंच आणि रक्त जास्त पातळ होतं, हे तेव्हा कळलं. भारतात वॉरफरिन किंवा त्याच प्रकारचं असिट्रोम घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

दुसरं म्हणजे इकडे बराच काळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांना एक कार्ड देतात. पाकिटात राहतं. बेशुद्ध पडलो तर डॉक्टरांना कळावं की हा माणूस स्टिरॉइडवर आहे. आपल्याकडे निदान चिठ्ठी लिहून पर्समध्ये ठेवावी.

---

मोरपंखी_कोल्हापूर | ११ जुलै, सकाळी १०:००

वैशाली, फार महत्त्वाचं लिहिलंस. त्यात अजून एक भर. बुरशी जास्त असली की डॉक्टर फ्लुकोनॅझोलची गोळी देतात. ती वॉरफरिनला वाढवतेच, शिवाय ग्लिमेपिराइडसारख्या साखरेच्या गोळीचाही असर वाढवते. साखर एकदम खाली येऊ शकते. आपल्याकडे मधुमेह, दमा आणि कवळी हे त्रिकूट एकाच माणसात सर्रास भेटतं. म्हणून शेजारणीला दिलेली फ्लुकोनॅझोलची उरलेली पट्टी आईला देऊ नका. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही तिचं जमत नाही. चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा.

---

छोट्याची_आई | ११ जुलै, दुपारी ४:३०

माझा मुलगा अडीच वर्षांचा. नेब्युलायझरनं बुडेसोनाइड देतो. त्याला गुळणी कुठून येणार? काय करावं?

---

दंतवैद्य_सातारा | ११ जुलै, रात्री ९:१०

वाफ झाली की दोन-चार घोट पाणी पाजा, हिरड्या आणि गाल ओल्या मऊ फडक्यानं पुसून घ्या. मास्कखालची त्वचाही पुसा, तिथं औषध बसतं. मास्क चेहऱ्याला नीट टेकलेला असावा, नाहीतर औषध डोळ्यांकडे जातं. तोंडात पांढरं दिसलं आणि बाळ दूध नको म्हणालं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. औषध मनानं बंद करू नका.

---

वाणी_नागपूर | १२ जुलै, सकाळी ८:४५

मी लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. मला पेम्फिगस आहे. तोंडात फोड येतात, फुटतात, कातडं सोलवटतं. गेल्या दिवाळीत प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅमवर होते. फोड बरे होत आले आणि अचानक जळजळ पुन्हा वाढली. मला वाटलं आजार उलटला. मी रडून रडून घर डोक्यावर घेतलं. त्वचेच्या डॉक्टरांनी जिभेवरून खरवडून काचेवर घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसले. म्हणजे आजार वाढला नव्हता, वर बुरशी बसली होती. स्टिरॉइड वाढवलं असतं तर उलट झालं असतं.

माझी खरी भीती वेगळी होती. २०२१ साली आमच्या ओळखीतल्या एकाचा वरचा जबडा काढावा लागला, काळ्या बुरशीनं. त्यालाही कोरोनात स्टिरॉइड दिलं होतं, शुगर होती. 'बुरशी' शब्द ऐकला आणि माझे हातपाय गार पडले. डॉक्टरांना विचारायलाही भीती वाटली, दोन रात्री झोपले नाही. कुणीतरी ह्यातला फरक इथे लिहून ठेवा. माझ्यासारख्या खूप असतील.

---

दंतवैद्य_सातारा | १२ जुलै, दुपारी २:२०

वाणी, लिहिलंस ते फार बरं झालं. २०२१ च्या मे-जूनमध्ये मी स्वतः असे पेशंट पाहिलेत, त्यामुळे तुझी भीती मला अजिबात अवाजवी वाटत नाही.

दोन्ही बुरशीच, पण जाती निराळ्या. म्युकर, म्हणजे ती काळी बुरशी, हवेतून, मातीतून, सडलेल्या पाल्यातून येते, नाकातून सायनसमध्ये शिरते आणि रक्तवाहिन्या बंद करत पुढे जाते, म्हणून मांस काळं पडतं. कॅन्डिडा तोंडाच्या वरच्या थरावर राहते. म्युकरची लक्षणं बहुतेक एका बाजूला असतात: एका गालात दुखणं किंवा बधिरपणा, डोळ्याखाली सूज, दोन-दोन दिसणं, नाकातून काळपट घाण, धडधाकट दात अचानक हलायला लागणं, टाळूवर काळा डाग. स्टिरॉइड किंवा मधुमेह असणाऱ्याला ह्यातलं काही झालं तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठायचं, दुसऱ्या दिवसाची वाट नाही. त्या साली तिच्यावरच्या अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनासाठी लोक गावोगाव फिरले, ते मी विसरणार नाही. पण पंपामुळे आलेला पांढरा थर म्हणजे ते नव्हे, आणि त्याचं रूपांतर म्युकरमध्ये होत नाही.

आणखी दोन गोष्टी इथेच लिहिते. गिळताना छातीत दुखत असेल, घास अडकत असेल, तर बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते. तिथं पेंट पोचत नाही, डॉक्टरच हवेत. आणि पुसून न निघणारा पांढरा डाग, त्यात तंबाखू किंवा मिश्रीची सवय असेल, तर त्याला बुरशी समजून महिनोन्‌महिने पेंट लावत बसू नका. तपासणी करा, लागली तर बायोप्सी करा. ती भीतीपोटी टाळू नका.

---

अण्णा_वाई | १२ जुलै, रात्री ८:५५

परवा मी जे लिहिलं त्यामागचं कारण सांगतो. सौ.ला संधिवातासाठी दोन वर्षं प्रेडनिसोलोन चालू आहे, रोज १० मिलिग्रॅम. महिनाभर तिची जीभ पांढरी आहे, चव कळत नाही. मी गेल्या आठवड्यापासून गोळी अर्धी करून देतो आहे. उद्यापासून पूर्ण थांबवणार होतो. आज सकाळपासून तिला गळून गेल्यासारखं होतंय, उठल्यावर चक्कर येते. ह्याचा त्याच्याशी संबंध असू शकतो का?

---

दंतवैद्य_सातारा | १२ जुलै, रात्री ९:०४

अण्णा, असू शकतो. गोळी थांबवू नका. आत्ता त्यांच्या डॉक्टरांना फोन करा, किती दिवस किती गोळी दिलीत ते नेमकं सांगा. फोन लागला नाही, किंवा उलट्या झाल्या, गुंगी आली, बीपी खाली गेलं, तर आज रात्रीच हॉस्पिटलमध्ये न्या आणि दारातच सांगा, "दोन वर्षं स्टिरॉइडवर आहे, डोस कमी केला होता."

दोन वर्षं बाहेरून स्टिरॉइड मिळत असलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल (शरीराचं आपलं स्टिरॉइड) बनवणं जवळजवळ सोडून देतात. त्यांना जागं व्हायला वेळ लागतो, म्हणून डोस पायरी-पायरीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली उतरवायचा असतो.

---

नीरजा_ठाणे | १२ जुलै, रात्री ११:३०

अण्णा, काकू कशा आहेत? कळवा.

---

अण्णा_वाई | १३ जुलै, दुपारी १२:१५

रात्री डॉक्टरांशी बोललो. पूर्वीचा डोस ताबडतोब सुरू करायला सांगितलं, सकाळी रक्त तपासलं. साखर वाढलेली निघाली, ती आम्हाला माहीतच नव्हती. तोंड पाहिलं, कॅन्डिडाच. पेंट दिला आहे. आता ती उठून बसली आहे, चहा घेतला. चुकून का होईना, तिच्या जिवाशी खेळलो. डॉक्टरताई, आपले उपकार आहेत. पहिला प्रतिसाद काढून टाकायचं मनात होतं, पण तो राहू देतो. माझ्यासारखा विचार करणारा दुसरा कुणी येईल, त्यानं पुढचंही वाचावं.

---

खारफुटी | १९ जुलै, रात्री ९:४८

शनिवार-रविवार चिपळूणला जाऊन आले. इथलं सगळं छापून नेलं होतं, मोठ्या अक्षरात. आईनं चष्मा लावून सगळं वाचलं, अण्णांचं दोनदा.

पंपाला आता स्पेसर जोडलाय, म्हणजे ती प्लॅस्टिकची नळकांड्यासारखी बाटली. जड थेंब तिच्या आतच बसतात, घशावर कमी आदळतात, फुप्फुसात जास्त जातं. शिवाय दाबणं आणि ओढणं एकाच क्षणी जमावं लागत नाही, आईच्या बोटांना ते जमतच नव्हतं. डॉक्टरांनी तिला करून दाखवायला सांगितलं तेव्हा समजलं, अकरा वर्षं ती पंप दाबून झाल्यावर श्वास ओढत होती! बहुतेक औषध जिभेवरच जात असणार. एका वेळी एकच दाब, मग सावकाश श्वास, मग दुसरा. स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट साबणपाण्यात धुवायचा आणि फडक्यानं न पुसता तसाच वाळू द्यायचा. पुसलं तर आत स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीला चिकटतं. आमच्याकडे कोकणात ह्या दिवसांत काही वाळत नाही, म्हणून तो देवघराच्या खिडकीत पंख्याखाली ठेवलाय.

नीरजा, पंप बेसिनपाशी गेला. कवळीसाठी झाकणाचा डबा आणलाय. पहिल्या रात्री तिनं पदर तोंडाशी धरला, मी दिवा मालवला.

टाळू अजून थोडा लाल आहे, पुंजके गेलेत. काल दुपारी तिनं स्वतः सोलकढी केली, वाटी तोंडाला लावली, थांबली, आणि पुन्हा भरून घेतली.

---

छोट्याची_आई | २० जुलै, सकाळी ७:१०

ताई, मास्कवाला स्पेसर लहान मुलांसाठी वेगळ्या मापाचा मिळतो का?

---

मोरपंखी_कोल्हापूर | २० जुलै, सकाळी १०:२५

हो, मास्कची मापं वयाप्रमाणे वेगळी असतात. बाळाला सोबत घेऊन जा, नाक आणि तोंड दोन्ही झाकलं जातं का ते लावून बघा, मगच घ्या.